लिनक्स : तयार वितरणाकडून स्वतःच्या जुळणीकडे

लिनक्स हे एका संपूर्ण कार्यप्रणालीचे नाव आहे, असे सामान्यतः समजले जाते. काटेकोरपणे पाहता ते तिच्या केवळ गाभ्याचे नाव होय. हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली हा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. यंत्राचे निरनिराळे भाग आणि आज्ञावल्या यांच्यामधील देवघेव सांभाळणे हे त्याचे काम. पत्र लिहिणे, चित्र पाहणे, छपाई करणे यांसाठी आणखी शेकडो आज्ञावल्या लागतात. त्यांपैकी पुष्कळशा रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आल्या. गाभा आणि या आज्ञावल्या एकत्र जुळवून जो वापरण्याजोगा संच लोकांच्या हाती दिला जातो, त्याला 'वितरण' म्हणतात.

वितरणे अनेक आहेत आणि त्यांतील मुख्य भेद जुळणी कोणी करावयाची, हा आहे. उबुंटूसारख्या वितरणात ती आधीच झालेली असते. २००४ मध्ये निघालेल्या या वितरणाच्या तबकड्या २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने विनामूल्य मिळत असत. जयपूरच्या आमच्या घरी पहिले लिनक्स आले ते अशाच एका पाकिटातून. तबकडी घातली, चार-सहा प्रश्नांची उत्तरे दिली की अर्ध्या तासात मराठी लिहिता येऊ लागे. याच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडातील जड व्हिनेट यांनी २००२ मध्ये सुरू केलेले आर्च हे वितरण आहे. त्याच्या मूळ संचात गाभासुद्धा गृहीत धरलेला नसतो. तो वेगळा मागावा लागतो. जेंटू हे वितरण तर आणखी पुढे जाते. तेथे बहुतेक आज्ञावल्या मूळ संहितेपासून आपल्याच यंत्रावर घडवावयाच्या असतात.

सुखासुखी हाताशी असलेली सोय सोडून असा खटाटोप कोणी का करावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. माझ्या बाबतीत त्याचे कारण एका अक्षरात होते.

मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन वेगळे शब्द आहेत; पहिला गुरूला लागतो, दुसरा स्वयंपाक्याला. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचेही तसेच. हिंदीला या भेदाची गरज नसल्यामुळे संगणकावर तो सांभाळण्याची चिंता आपणच वाहावी लागते. युनिकोड या संकेतप्रणालीत हे आडवे अर्धे 'र' दोन रीतींनी लिहिता येते. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, पुढे हलन्त व मग 'य'. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींचे रूप सारखेच. मी वर्षानुवर्षे उच्चारानुसारी टंकनपद्धतीने लिहीत होतो आणि ती दुसरी रीत वापरीत होती, हे मला ठाऊकच नव्हते. राजस्थानातील व्यापारी मार्गांवरील एका हिंदी ग्रंथाचा अनुवाद पूर्ण होत आला असता काही प्रकरणे एका आज्ञावलीतून दुसरीत नेली. मधल्या कोणत्या तरी टप्प्यावर ते अदृश्य चिन्ह कचरा म्हणून झाडून टाकले गेले आणि अरवलीच्या दऱ्यांतून जाणारे उंटांचे तांडे दर्यातून जाऊ लागले. चूक कोठे झाली हे मला सांगता येईना. कारण कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत मध्ये काय काय घडते, याची मला कल्पनाच नव्हती.

तयार उपकरणावर विश्वास न राहिल्याने ते स्वतः घडविण्याचे मोठे उदाहरण याच शहरात उभे आहे. सवाई जयसिंगाने प्रथम ग्रंथांत सांगितल्याप्रमाणे पितळेची यंत्रे करविली. ती लहान असल्याने त्यांवर सूक्ष्म विभाग आखता येत नसत, आणि आस झिजल्यामुळे त्यांचे मध्य ढळत. म्हणून त्याने दगडाचुन्याची प्रचंड यंत्रे बांधविली. जयपूरच्या जंतरमंतरातील बृहत् सम्राटयंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्यावर दोन सेकंदांपर्यंतचा काळ वाचता येतो. जयसिंगाच्या पदरी असलेला जगन्नाथ सम्राट हा मूळचा महाराष्ट्रीय. त्याने अरबी शिकून यूक्लिड संस्कृतात आणला, आणि टॉलेमीच्या ग्रंथावरून १७३२ मध्ये 'सम्राट्सिद्धान्त' सिद्ध केला. जयपुरात बसून अनुवाद करणाऱ्या मराठी माणसाला हा पूर्वज आठवल्यावाचून राहत नाही, एवढ्यासाठीच हा उल्लेख.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आर्चची प्रतिमा एका छोट्या स्मृतिकांडीवर उतरवून संगणक तिच्यावरून सुरू केला की काळ्या पडद्यावर एक चौकोन लुकलुकत राहतो. याच्यापुढे पडद्यावर मार्गदर्शक खिडक्या येत नाहीत. (२०२१ पासून प्रश्न विचारून जुळणी करणारी एक साहाय्यक आज्ञावली या प्रतिमेत असते, पण ज्याला शिकावयाचे आहे त्याने निदान पहिल्या वेळी तिच्या वाटेस जाऊ नये.) प्रथम आंतरजालाशी जोडणी करावयाची. मग यंत्रात कोणत्या चकत्या आहेत ते पाहून त्यांपैकी एकीचे विभाग पाडावयाचे : यंत्र सुरू होताना प्रथम वाचला जाणारा एक लहान विभाग, आणि बाकी सर्वांसाठी एक मोठा. ही पायरी सर्वांत धोक्याची. चकत्यांची नावे एकाच अक्षराने भिन्न असतात, आणि चुकीच्या चकतीचे नाव लिहिले तर संगणक ते निमूटपणे मान्य करून तिच्यावरील मजकूर पुसून टाकतो. म्हणून हस्तलिखिताच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय आणि त्या उघडून पाहिल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

विभाग तयार झाले की त्यांवर मूळ संच आणि गाभा उतरवावयाचा, कालविभाग नेमावयाचा, भाषांच्या लांबलचक यादीतील मराठी-भारत या ओळीपुढील खूण काढून ती ओळ जागी करावयाची, संकेतशब्द द्यावयाचा आणि शेवटी यंत्र सुरू होताना गाभ्याला हाक मारणारी आज्ञावली बसवावयाची. प्रत्येक पायरीचे विवेचन आर्चच्या विस्तृत ज्ञानकोशात आहे, आणि इतर वितरणे वापरणारेही त्याचा आधार घेतात.

मी हे सर्व क्रमाने केले, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि आंतरजाल नाहीसे झाले. कांडीवरील प्रणालीत जोडणीची व्यवस्था होती. चकतीवरील प्रणालीत ती असावी असे मी कोठेच सांगितले नव्हते. मजकूर दुरुस्त करण्याचे साधनही मी मागितले नव्हते, म्हणून तेही नव्हते. पुन्हा कांडीवरून सुरुवात करून, चकतीवरील प्रणालीत शिरून दोन्ही गोष्टी बसविल्या. एका दुपारचे काम वाढले. नुकसान काही झाले नाही.

पुढे पडदा, खिडक्या, लेखनाची आज्ञावली हे सारे आले आणि मी माझे प्रकरण उघडले, तर पानभर रिकामे चौकोन! देवनागरी टंक बसविलेला नव्हता. तो बसविल्यावर अक्षरे आली. या चौकोनांनीच मला वाट दाखविली, असे म्हणावयास हरकत नाही. मजकूर म्हणजे केवळ संकेतांची रांग, हे तेव्हा प्रथम डोळ्यांना दिसले. कळफलकाची मांडणी संकेत निर्माण करते. हार्फबझ नावाची आज्ञावली त्यांतून जोडाक्षरांची जुळणी ठरविते. टंक त्यांना रूप देतो. (हार्फबझ हे नाव फारसी 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडा यांवरून आले आहे, आपल्या जुन्या मराठीतील 'हरफ' तो हाच.) माझा दोष पहिल्या पायरीवर होता. मी उच्चारानुसारी पद्धत सोडून इन्स्क्रिप्ट मांडणी घेतली. तिच्यात 'र'च्याच कळीवर शिफ्टसह 'ऱ' मिळतो. पंधरा दिवस बोटे अडखळली. नंतर, ज्या प्रकरणांत ते अदृश्य चिन्ह अद्याप शाबूत होते तेथे एका ओळीच्या आज्ञेने सर्वत्र 'ऱ' घातला.

हे सर्व तयार वितरणावरही करता आले असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे टंक, मांडणी व आज्ञावल्या याच असतात. परंतु ज्याने त्या एकेक करून बसविल्या नाहीत, त्याला त्या वेगवेगळ्या आहेत हेच सहसा जाणवत नाही.

या मार्गाची किंमतही आहे. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि पाच वर्षे तिची निगा राखली जाते. त्या काळात तिच्यात मोठे फेरफार होत नाहीत. आर्चमध्ये आवृत्त्याच नाहीत. सुधारणा अखंड येत राहतात, त्या सर्व एकदम घ्याव्या लागतात, आणि घेण्यापूर्वी वितरणाचे निवेदन वाचावे लागते, कारण क्वचित हाताने काही करावे लागते. हस्तलिखित द्यावयाच्या आठवड्यात मी एकही सुधारणा घेत नाही, आणि जुन्या संगणकावर तयार वितरण तसेच ठेवले आहे. ज्याला केवळ लिहावयाचे आहे आणि ज्याचे अक्षर कधी हरवले नाही, त्याने या वाटेला न जाणेच बरे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे जे प्रथमच लिनक्सकडे वळत आहेत, त्यांनीही तयार वितरणापासूनच आरंभ करावा.

ज्या प्रकरणांतून ते चिन्ह आधीच झाडले गेले होते, तेथे मात्र कोणत्याही आज्ञेचा उपाय चालेना. 'दर्या' हाही खरा शब्द असल्याने कोणता मूळचा आणि कोणता बिघडलेला, हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. अशा एक्केचाळीस जागा शोधून काढल्या आणि हिंदी ग्रंथ शेजारी ठेवून एकेक वाचली. अडतीस ठिकाणी दऱ्या होत्या. उरलेली तीन कच्छमधील मांडवी बंदराच्या प्रकरणात होती. तेथे दर्याच अभिप्रेत होता.