कर्नलच्या पोटात : न हलणारे ३.३ व्होल्ट

एसडी कार्डाला किती व्होल्ट चालतात, हे कार्डालाच विचारायचं असतं. त्यासाठी कार्डात ओसीआर नावाचं ३२ बिटांचं रजिस्टर असतं. त्यातली १५ ते २३ ही नऊ बिटं म्हणजे २.७ ते ३.६ व्होल्टपर्यंतचे ०.१ व्होल्टचे नऊ टप्पे. बहुतेक कार्डं नऊच्या नऊ बिटं लावून मोकळी होतात : द्या काय देताय ते! मग ड्रायव्हर आपल्या बोर्डाला काय देता येतं तेही अशाच बिटांत मांडतो, दोन्हींत समान काय ते पाहतो आणि त्यातलं सर्वांत वरचं बिट उचलतो. मागच्या भागात आपण इथे थांबलो होतो.

बोर्ड काय देऊ शकतो, हे ड्रायव्हर विचारतो रेग्युलेटर फ्रेमवर्कला. लियम गर्डवुड आणि मार्क ब्राऊन यांचं हे काम २००८ साली २.६.२७ या आवृत्तीबरोबर लिनक्स कर्नलमध्ये आलं. वीज देणारी चिप कोणती, याच्याशी ड्रायव्हरला देणंघेणं नाही. त्याने फक्त ‘कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके मायक्रोव्होल्ट’ एवढंच मागायचं. मोबाइलमध्ये वीज सांभाळणारी स्वतंत्र चिप असते, तिथे हे झकास चालतं. स्वस्तातल्या बोर्डांवर मात्र एक साधा रेग्युलेटर, नाहीतर मुख्य ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावरून ओढलेली लाइन, एवढाच कारभार. बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये त्याची नोंद ‘रेग्युलेटर-फिक्स्ड’ अशी होते आणि किमान-कमाल दोन्हीकडे ३३००००० हाच आकडा पडतो. दोन वेगळे आकडे घालून बघा, फिक्स्ड रेग्युलेटरचा ड्रायव्हर जागच्या जागी नकार देतो. फिक्स्ड म्हणायचं आणि वर पर्याय द्यायचे, हे त्याला चालत नाही. बरोबरच आहे.

आता गंमत बघा. ३.३ हा आकडा बरोब्बर दोन टप्प्यांच्या शिवेवर येतो. ३.२ ते ३.३ हे विसावं बिट, ३.३ ते ३.४ हे एकविसावं. कर्नल दोन्ही लावतो. कार्डाचीही दोन्ही लागलेली असतात, म्हणून वरचं, एकविसावं निवडलं जातं. ड्रायव्हर रेग्युलेटरकडे मागणी करतो : ३.३ ते ३.४ व्होल्ट द्या. रेग्युलेटर नेमके ३.३ व्होल्ट देतोच आहे. तरीही पूर्वी उत्तर यायचं उणे २२, म्हणजे मागणीच अवैध. कारण तपासणीत पहिला प्रश्न असायचा, ‘या रेग्युलेटरला व्होल्टेज बदलता येतं का?’ फिक्स्ड पुरवठ्याला ते येतच नाही. व्होल्टेज बरोबर, कार्ड बरोबर, आणि सेटअप मात्र अर्ध्यात बंद.

कर्नलमध्ये कार्डं सांभाळणाऱ्या एमएमसीच्या कोडमध्ये यावर पहिल्यांदा जो उपाय झाला तो घरगुती होता. रेग्युलेटर बदलता येतो का ते आधी विचारायचं आणि येत नसेल तर मागणीच करायची नाही. काम भागलं. पण मग हीच अट डिस्प्लेवाल्याने, यूएसबीवाल्यानेही आपापल्या ड्रायव्हरमध्ये लिहीत बसायचं का? पुढे दुरुस्ती योग्य जागी, रेग्युलेटरच्या गाभ्यात झाली. व्होल्टेज बदलता येत नसेल तर सध्याचं व्होल्टेज बघायचं. ते मागितलेल्या मर्यादेत असेल तर काम झालं म्हणून कळवायचं, नसेल तरच नकार द्यायचा. खानावळीत एकच थाळी मिळत असेल आणि गिऱ्हाइकाने तीच मागितली, तर ‘इथे निवड करता येत नाही’ म्हणून कोणी त्याला उठवून लावत नाही.

काही विक्रेत्यांच्या ड्रायव्हरांमध्ये मात्र तिसराच मार्ग दिसतो : चूक आली की ती गिळायची आणि शून्य परत करायचं. हा आळस महागात पडतो. डिव्हाइस ट्रीमध्ये ३.३ च्या जागी चुकून १.८ लिहिलं गेलं, तर ते सांगणारा एकुलता एक आवाजच आपण दाबलेला असतो.

आणखी एक खाच. पुरवठ्याची नोंदच नसेल तर कर्नल एरवी ड्रायव्हरच्या हातात नकली रेग्युलेटर ठेवतो. तो चालू होतो, बंद होतो, पण किती व्होल्ट हे सांगू शकत नाही. एमएमसीला तर तेच हवं असतं. म्हणून तो ‘ऐच्छिक’ प्रकारची मागणी करतो. पुरवठा नसेल तर सरळ नाही म्हणा, मी कंट्रोलरच्या स्वतःच्या क्षमतांवरून ठरवीन.

इथे एक गल्लत नेहमी होते. फिक्स्ड म्हणजे व्होल्टेज न बदलणारा, कायम चालू असणारा नव्हे. रास्पबेरी पाय ४ ची डिव्हाइस ट्री उघडली तर कार्डाच्या दोन नोंदी शेजारीशेजारी दिसतात. कार्डाची मुख्य वीज फिक्स्ड, ३.३ व्होल्ट, पण जीपीआयओच्या एका पिनने चालू-बंद होणारी. सिग्नलच्या तारांचा पुरवठा वेगळा, तो ३.३ आणि १.८ यांच्यात बदलणारा.

त्या पिनची किंमत वेगवान यूएचएस कार्ड लावल्यावर कळते. वेग वाढवायला ड्रायव्हर ११ क्रमांकाची आज्ञा देतो, क्लॉक किमान ५ मिलिसेकंद थांबतं आणि सिग्नल १.८ व्होल्टवर उतरतात. मुख्य वीज ३.३ च राहते. परत ३.३ च्या सिग्नलवर यायला आज्ञा नाही. कार्डाची वीज तोडणं हा एकच मार्ग. पुरवठ्याला स्विचच नसेल तर बोर्ड रीबूट होतो, बूटलोडर ३.३ वर हाका मारतो आणि कार्ड १.८ वर बसून राहतं. अशा बोर्डासाठी डिव्हाइस ट्रीमध्ये ‘नो-१-८-व्ही’ लिहून टाकावं. वेग जातो, पण मशीन उठतं.

स्विच असला तरी नुसतं बंद-चालू करून भागत नाही. कार्डाचं व्होल्टेज ०.५ च्या खाली येऊन किमान १ मिलिसेकंद तिथे राहावं लागतं. कपॅसिटर हळूहळू रिकामे होतात आणि डेटाच्या तारांवरच्या पुल-अप रोधांतून वीज मागच्या दाराने आत झिरपत राहते. फिक्स्ड रेग्युलेटरच्या नोंदीत ‘ऑफ-ऑन-डिले’ हा पर्याय आहे तो यासाठीच. त्यात किती मायक्रोसेकंद लिहायचे, हे ऑसिलोस्कोप लावून कसं मोजतात ते पुढच्या आठवड्यात पाहू.