आंबेनळीच्या कातळाचं समुद्राशी नातं

थंडी पडली की पुण्याच्या मार्केट यार्डात महाबळेश्वर, पाचगणी, वाईकडच्या स्ट्रॉबेरीची आवक सुरू होते. ती जिथे पिकते, त्या डोंगरातल्या एका कातळाचं नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना पाठ आहे: आंबेनळी. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा घाट तो हाच.

दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. दिसायला सगळे काळे बेसाल्टच. १९८० च्या दशकात कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वर भागातल्या थरांची रासायनिक घडण तपासून त्यांची वर्गवारी केली. खाली पोलादपूर, मध्ये आंबेनळी, माथ्यावर महाबळेश्वर.

ही ओळख पटवण्यात स्ट्रॉन्शियमचा मोठा वाटा आहे. रुबिडियम-८७ अतिशय सावकाश विघटित होऊन स्ट्रॉन्शियम-८७ तयार होतं. अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षं. खंडांच्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर, त्याखालच्या प्रावरणात अगदी थोडं. त्यामुळे जुन्या कवचात स्ट्रॉन्शियम-८७ चं ८६ शी असलेलं गुणोत्तर वाढत जातं. शिलारस वर येताना कवचात रेंगाळला, त्याचा काही भाग वितळवून पोटात घेतला, की हा आकडा चढतो.

कोयनेजवळच्या एका विंधनविवरात ९३३ मीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. घाटातला लाव्हा अशाच कवचातून वर आला. पोलादपूरच्याही खालच्या, लोणावळा गटातल्या बुशे थरात गुणोत्तर ०.७१ च्याही पुढे जातं. पोलादपूरच्या थरांतही कवचाची भेसळ दिसते. आंबेनळीत मात्र ते ०.७०४ च्या आसपास राहतं. इथला शिलारस जवळजवळ निर्भेळ वर आला.

हा आकडा समुद्रतळावरच्या बेसाल्टच्या जवळ जातो. अरबी समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रांगेत दोन भूपट्ट वर्षाला अडीच-तीन सेंटीमीटरने दूर सरकतात. मोकळ्या झालेल्या जागेत प्रावरण वर चढतं, दाब घटतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. या प्रावरणातून रुबिडियमसारखी मूलद्रव्यं पूर्वीच निघून गेलेली असल्याने तिथलं गुणोत्तर ०.७०३ च्या आसपास असतं.

मग आंबेनळीचा लाव्हा या रांगेतून आला का? नाही. सेशेल्स भारतापासून सुटून कार्ल्सबर्ग रांग उघडली ती सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे लाव्हा थिजल्यानंतर. साम्य आहे ते प्रावरणाच्या जातीत. आज रेयुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्तंभाने दख्खनला उष्णता दिली, असं बहुतेक संशोधक मानतात. वाद आहे तो वाट्याचा: आंबेनळीच्या शिलारसात स्तंभाचं द्रव्य किती आणि भोवतालचं समुद्री जातीचं प्रावरण किती? या हिशेबासाठी घाटातल्या खडकांशेजारी समुद्रतळाचे नमुनेही लागतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक ते कार्ल्सबर्ग रांगेच्या तळावरून खरवडून वर काढतात.