वेटिंग लिस्टवरची आई

प्रेग्नंट बाईला सगळे विचारतात, ‘कितवा महिना?’ पण मूल दत्तक घेणाऱ्या बाईला नेमकं काय विचारायचं, हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या कट्ट्यावर गेली दोन वर्षं एकच प्रश्न फिरतोय, ‘काही कळलं का गं?’ नाही कळलं! कळलं की पेढे घेऊन येईन, असं सांगून मी विषय बदलते.

आमची केस ऐकायला सोपी वाटते. दोघंही अस्सल मराठी, पासपोर्ट अमेरिकन, मूल भारतातून हवं. म्हणजे घरचंच काम की! पण कायद्याच्या लेखी हे आंतरदेशीय दत्तक. भारताने २००३ मध्ये हेग करार मान्य केला, तेव्हापासून अशा प्रत्येक मुलाची फाइल दोन देशांच्या सरकारांमधून जाते. भारताच्या बाजूला दिल्लीची ‘कारा’, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरण. आमच्या बाजूला इमिग्रेशन खातं. मधे एजन्सी. सोशल वर्कर घरी येऊन स्मोक अलार्मपासून आमच्या भांडणांपर्यंत सगळं विचारून गेली. वयांची बेरीजसुद्धा झाली. दोन वर्षांखालचं मूल हवं तर नवरा-बायकोचं वय मिळून ८५ च्या पुढे चालत नाही. आमचं भरलं ८१. पास! बोटांचे ठसे दिले, तर ते पंधरा महिन्यांनी एक्स्पायर होतात म्हणे. (बोटं तीच, ठसे शिळे!) बाकीच्यांना डोहाळे लागतात चिंच-आवळ्याचे, आम्हाला नोटरीच्या शिक्क्याचे.

या सगळ्या कागदांत एक कागद मात्र वेगळा होता. एजन्सीची मेडिकल चेकलिस्ट. हृदयाला छिद्र, ऐकू कमी येणं, वाकडं पाऊल, अपुऱ्या दिवसांचा जन्म... यादी लांबलचक. प्रत्येकापुढे तीन चौकोन : हो, नाही, विचार करू. ही यादी उगाच नसते. भारतातून परदेशी कुटुंबांकडे जाणाऱ्या मुलांत मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या आणि ‘स्पेशल नीड्स’ची मुलंच जास्त. लहान आणि ठणठणीत बाळासाठी भारतातच मोठी रांग आहे, आणि ते योग्यच आहे. आम्ही एका रविवारी रात्री, थाय टेकअवे खाता खाता, ती यादी भरली. ‘दुभंगलेला ओठ आणि टाळू’ या ओळीपुढे नवरोबा म्हणाला, ‘विचार करू.’ मी टिक केली.

मग सुरू झाली खरी वेटिंग. ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे मी. डेडलाइन नसलेलं काम मला झेपत नाही. एका कलीगने सुचवलं, मिशन ट्रिपला जा! इकडे हा प्रकार फार चालतो. कुणी चर्चबरोबर जातं, कुणी हॉस्पिटलबरोबर. आठ-दहा दिवस दुसऱ्या देशात जाऊन काम करायचं आणि परत यायचं. दत्तकासाठी थांबलेल्या आईबापांना तर हमखास सल्ला मिळतो की, एखाद्या अनाथाश्रमात जाऊन या, मन रमेल.

मन रमेल, पण कुणाचं? हे मला कधीच पटलं नाही. आठ दिवस एक मावशी येते, कडेवर घेते, फोटो काढते आणि नवव्या दिवशी गायब होते. मग पुढची मावशी. ज्या पोरांना आधीच एकदा कुणीतरी सोडलंय, त्यांना वर्षातून दहादा सोडायचं? शिवाय आमच्यासारख्यांनी परस्पर संस्थांशी संपर्क साधून मुलं बघत फिरायचं नाही, हा नियमच आहे. आणि तो असायलाच हवा. जिथे माझ्या दोन हातांना आणि मराठीला खरोखर काम असेल, तिथेच जायचं, असं ठरवलं.

काम मिळालं ते ऑपरेशनच्या शिबिरात. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही. पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित ब्रुकलिनमध्ये राहायचे आणि दरवर्षी भारतात येऊन गावोगावच्या शिबिरांत फुकट प्लास्टिक सर्जरी करायचे. फाटलेले ओठ, पडलेल्या पापण्या, तिरळे डोळे. अपघाताने व्हीलचेअरवर आले, घशाचा कॅन्सर झाला, तरी त्यांनी हे काम सोडलं नाही. २००१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०११ मध्ये ते गेले. माझ्या लहानपणी त्यांच्या शिबिरांची नोटीस एसटी स्टँडवर लागलेली असायची. आमच्या ग्रुपमधल्या भूलतज्ज्ञ बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांना सगळं आधीच माहीत होतं!

फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आम्ही पोचलो. माझं काम दुभाषाचं. आणि फाइल्सचं. (फाइल्स पाठ सोडत नाहीत!) पहिला दिवस तपासणीचा. सकाळी सातला अंगण भरलेलं. आया, आज्या, मामा, डबे, गोधड्या. दोन महिन्यांच्या बाळापासून लग्नाचं वय झालेल्या मुलीपर्यंत सगळे. ती मुलगी ओढणी नाकावर धरूनच बोलत होती.

थोडं शास्त्र सांगते. गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात बाळाचा ओठ जुळतो, सहाव्या ते नवव्यात टाळू. (तोंडातली, डोक्यावरची नव्हे!) कधी कधी ही जुळणी अर्धवट राहते. काही अंशी आनुवंशिक, बरंचसं अजून न उलगडलेलं. पण अंगणात मात्र प्रत्येकीकडे उलगडा तयार होता. ‘गरानात इळीवर भाजी चिरली, म्हनून असं झालं.’ एकीला तर सासूने तेव्हापासून विळीला हात लावू दिला नव्हता. ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही, हे वाक्य मी त्या दिवशी इतक्यांदा बोलले की भूलतज्ज्ञ बाई शेवटी मराठीत ‘ग्रहण नाही’ म्हणायला शिकल्या.

टाळू फाटलेली असली की तोंड आणि नाक यांच्यामध्ये भिंतच नसते. बाळाला दूध ओढताच येत नाही. ओढायला गेलं की हवा येते, आणि दूध नाकातून बाहेर. इकडे त्यासाठी खास बाटल्या मिळतात. तिथे कुणाकडे वाटी-चमचा, तर कुणाकडे आजीच्या काळातलं बोंडलं. साडेतीन महिन्यांची एक मुलगी होती. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. भूल देण्यासाठी सर्जन लोकांचा जुना ठोकताळा असा : दहा आठवडे वय, दहा पौंड वजन, दहा हिमोग्लोबिन. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. म्हणजे हिचं ऑपरेशन नाही. आणि हे तिच्या आईला सांगायचं कुणी? मी.

दोन एसट्या बदलून आली होती ती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘वजन वाढंना म्हनून तर आनलं हिकडं.’ यावर काय बोलणार? बालरोगतज्ज्ञ आले. बाळाला उभं धरायचं, घोट घोट पाजायचं, मधे मधे ढेकर काढायची. मी भाषांतर करत होते. आई बोंडल्याने पाजत होती. चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांत जेमतेम अर्धी वाटी, त्यातलं थोडं नाकातून परत. आणि दोन तासांनी पुन्हा. रात्री पण. साडेतीन महिने ती हेच करत होती. मग तिला दोन घास खाता यावेत म्हणून बोंडलं मी हातात घेतलं.

‘तुमास्नी किती पोरं, ताई?’ तिने विचारलं.

‘अजून नाही. दत्तक घेतोय. वाट बघतोय.’

‘मंजी पोरगं ठरलंय?’

‘नाही. ते पण नाही.’

ती चपाती मोडता मोडता थांबली. ‘मग कुनाची वाट बगताय?’

पुढचे दिवस ऑपरेशनचे. बाळांना काही तास आधीपासून उपाशी ठेवतात. भुकेलं बाळ आणि रिकामा कॉरिडॉर! आम्ही व्हॉलंटिअर्स पाळीपाळीने खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचो. ओठाचं ऑपरेशन तासाभरात होतं. बाहेर आलेल्या पोरांच्या कोपरांना पट्ट्या बांधतात, हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून. टीव्हीवरच्या डॉक्युमेंटरीत या क्षणी म्युझिक वाढतं आणि आई आनंदाने रडते. रडली एक आई, पण म्हणाली, ‘हिचं पयलं हसू कुटं गेलं?’ पाच महिने ज्या रुंद, मोकळ्या हसण्यावर जीव लावला, ते हसू आता गेलं होतं. सर्जन म्हणाले, असं बऱ्याच आया म्हणतात.

रात्री लॉजवरून नवरोबाला फोन. साडेदहा तासांचा फरक. तो तिकडे ऑफिसातल्या लंच ब्रेकमध्ये. मी चेकलिस्टचा विषय काढला. तो गप्प. मग म्हणाला, ‘तू आत्ता तिथे आहेस. भारावलेली आहेस. परत ये, मग बोलू.’ राग आला होता मला, पण त्याचे प्रश्न खरे होते. एक ऑपरेशन करून हे संपत नाही. टाळूचं वेगळं, साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. मग स्पीच थेरपी. कानात वरचेवर पाणी साठतं, दात वेडेवाकडे येतात, पुढे हिरडीत हाड बसवावं लागतं. दोघांच्या नोकऱ्या. इन्शुरन्स. शाळेत कुणी नाकातल्या आवाजाची नक्कल केली तर?

परत आल्यावर आम्ही एडिसनमधल्या एका मुलांच्या डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट घेतली. नवरोबा चक्क वही घेऊन आला होता. तासभर प्रश्न विचारले त्याने. घरी येताना टर्नपाइकवर ट्रॅफिक लागला, तेव्हा म्हणाला, ‘दूध पाजायला चाळीस मिनिटं लागतात, म्हणालीस ना? मग रात्रीच्या दोन पाळ्या माझ्या.’ त्याच आठवड्यात सोशल वर्करला कळवलं. होम स्टडीला पुरवणी जोडली गेली, अर्थात नवी फी भरून!

दिवाळीच्या आठवड्यात ई-मेल आली. एक फोटो, एक मेडिकल रिपोर्ट, एक चाइल्ड स्टडी रिपोर्ट. मुलगी, नुकतंच एक वर्ष पूर्ण झालेलं. ओठाचं ऑपरेशन झालेलं, टाळूचं बाकी. मी शिबिरात होते, तेव्हा ती चार महिन्यांची होती. कुठे, ते सांगता येणार नाही. फोटोही दाखवता येणार नाही. कट्ट्यावरच्या मैत्रिणी रुसल्या आहेत, पण कायदा म्हणजे कायदा. आम्ही ‘हो’ कळवलं.

आता पुन्हा कागद. इथल्या इमिग्रेशनची प्राथमिक मंजुरी, दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीचं पत्र, काराचं ना हरकत प्रमाणपत्र. शेवटी जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश कोर्टाऐवजी त्यांच्याकडून निघतो. मग पासपोर्ट, व्हिसा, विमान. नवरोबाने फ्रिजवर कॅलेंडर लावलंय, त्यात एकाही तारखेला गोल नाही. मी सोलापूरच्या बाजारातून आणलेलं बोंडलं डिशवॉशरमध्ये घालायचं की नाही, यावर मात्र घरात दोन तट आहेत.

टाळूचं ऑपरेशन तिकडेच व्हावं की ती इथे आल्यावर, यावर सध्या ई-मेल चालू आहेत. निर्णय अर्थातच तिकडच्यांचा. आम्ही अजून कागदावरचे आईबाबा. एडिसनच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दीड वर्षाच्या आत झालं तर बोलण्याच्या दृष्टीने बरं. तिला दीड वर्ष एप्रिलमध्ये पूर्ण होतं.