सोलापूरची सायकल आणि कुंभारीचा रस्ता

सोलापुरात सायकल संपली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बहुतेक जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूचे असतात आणि त्यांच्या गल्लीपुरते ते खरेही असते. तेच वाक्य पूर्व भागात, अशोक चौक किंवा दत्त नगरच्या बाजूला, यंत्रमागाची पाळी सुटताना म्हणून पाहावे. हँडलला डब्याची पिशवी अडकवलेल्या सायकली तिथे अजून रस्ता अडवतात. एकाच महापालिकेच्या हद्दीतली ही दोन गावे आहेत. त्यांची सरासरी काढली, तर जो आकडा हाती येईल तो दोन्हीकडे खोटा ठरेल.

असे घडते याचा चांगला दाखला इंग्लंडचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत नोकरदारांपैकी २.८ टक्के लोक सायकलने कामाला जात होते. २०११ मध्येही २.८ टक्केच. वरून पाहणारा म्हणेल, दहा वर्षांत पान हलले नाही. आत डोकावले तर लंडनमधले सायकलस्वार सुमारे ७७ हजारांवरून १ लाख ५५ हजारांवर गेले होते, म्हणजे दुप्पट झाले होते. राजधानीत टक्का वाढला, इतर अनेक गावांत तो घटला आणि एकूण टक्का जागच्या जागी राहिला.

आपल्याकडे ही तुलना करण्याची सोयच नाही. 'कामावर कशाने जाता आणि किती लांब?' याची देशभराची आकडेवारी आपल्याला पहिल्यांदा मिळाली ती २०११ च्या जनगणनेतून. त्यानंतर २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढची आता २०२७ मध्ये आहे. त्या एकाच मोजणीनुसार देशातले सुमारे १३ टक्के 'इतर कामगार' सायकलने जात होते आणि त्याहून कितीतरी अधिक लोक चालत. 'इतर कामगार' या शब्दांकडे नीट पाहावे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे यांना या तक्त्यात जागाच नाही. घरात बसून विडी वळणारी बाई घरगुती उद्योगात धरली गेली की तक्त्यातून गळते. सोलापूरसारख्या शहरात ही गळती किरकोळ म्हणता येणार नाही.

बदल पाहायचा तर दुसऱ्या खिडकीतून पाहावे लागते. घरात सायकल आहे का, दुचाकी आहे का, हे मात्र २००१ आणि २०११ अशा दोन्ही वेळा विचारले होते. देशाच्या शहरी भागात सायकल असलेली कुटुंबे ४६ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांच्या आसपास उतरली आणि दुचाकी असलेली सुमारे २५ वरून ३५ टक्क्यांवर चढली. ग्रामीण भागात मात्र सायकलही वाढली. शहराने टाकलेली सायकल खेड्याने उचलली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण घरात सायकल असणे वेगळे आणि तिच्यावर कामाला जाणे वेगळे. व्हरांड्यात गंजत पडलेली सायकलही जनगणनेत 'आहे' म्हणूनच नोंदते.

सोलापूरची घडण पाहिली, तर हे शहर सायकलीसाठीच वसवले असावे असे वाटते. घाट नाही, मोठा चढ नाही. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या आल्या. पहिल्या पिढ्यांचे गिरणी कामगार पायीच जात, कारण चाळी गिरणीच्या आसपास होत्या आणि विलायती सायकल त्यांच्या पगारात बसणारी नव्हती. सायकल कामगाराच्या हाती आली ती स्वातंत्र्यानंतर. अ‍ॅटलस १९५१ मध्ये आणि हिरो सायकल्स १९५६ मध्ये सुरू झाली आणि देशी सायकल आवाक्यात आली. १९७२ मध्ये पुण्याची लूना मोपेड येईपर्यंत, आणि नंतरही बरीच वर्षे, सायकल म्हणजे पाळीवाल्याचे वाहन होते. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जुनी मिल साठच्या दशकातच गेली, बाकीच्यांनी पुढच्या तीन-चार दशकांत दम तोडला. हजारो माणसे एका वेळी एका फाटकातून आत जाणे थांबले.

तरी सायकल टिकली, ती यंत्रमागामुळे. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या भागात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांनी चादर आणि टॉवेलचा धंदा उभा केला, तो घरांना लागून. कुठे खाली माग, वर घर. मागावर बारा तास उभा राहणारा कामगार फार तर दोन-तीन किलोमीटरवर राही. एवढ्या अंतराला पेट्रोल जाळणे त्याला उधळपट्टी वाटे आणि ती होतीच. शिवाय कॅरिअरला सुताचे कोन बांधून न्यायलाही सायकलच बरी.

१९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एका आदेशाने १७८ चौरस किलोमीटरचे झाले. घरे बाहेर सरकू लागली. सर्वांत मोठी उडी मात्र या नव्या हद्दीच्याही पलीकडे पडली. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीत कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी १० हजार घरे उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे हस्तांतर झाले. मग त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचे रे नगर आले. त्यातल्या १५ हजार घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. दोन्हींमागे आडम मास्तरांची, म्हणजे कामगार नेते नरसय्या आडम यांची, वर्षानुवर्षांची चिकाटी आहे. भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या बाईच्या नावावर घर होणे ही केवढी गोष्ट आहे, हे मला कोणी समजावण्याची गरज नाही.

पण घर गेले कुंभारीला आणि माग राहिला पूर्व भागात. बायको विडीवाली, नवरा यंत्रमागावर, अशी घरे इथे कितीतरी. नवऱ्याचा दहा-पंधरा मिनिटांचा सायकलरस्ता एकदम दहा-बारा किलोमीटरचा झाला. बारा तासांच्या पाळीनंतर अक्कलकोट रोडवर ट्रक आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या कडेने, बहुधा अंधारातच, पाऊण-एक तास पायडल मारायला कोण तयार होईल? तो हप्त्यावर मोटारसायकल घेतो. जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर धरले, तर रोजचे सुमारे अर्धा लिटर पेट्रोल, म्हणजे पन्नासेक रुपये, हप्ता वेगळा. हीच मोटारसायकल पुढच्या जनगणनेत संपन्नतेची खूण म्हणून मोजली जाईल. मला ती घरभाड्याची जागा घेतलेले नवे देणे वाटते.

बायकोचा हिशेब कागदावर येतच नाही. तिला तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या भरायला कारखान्याच्या शाखेत जावेच लागते. मजुरी मिळते हजार विड्यांमागे, रस्त्यात गेलेल्या वेळाचे काही नाही. सायकल तिच्या वाट्याला पूर्वीही क्वचितच आली. शाखा वस्तीतच असेल तर ती चालत जाते, नसेल तर रिक्षात दाटीवाटीने. सायकलींची गणना करणारे तिला मोजत नाहीत, कारण ती सायकलवर नाही. कामगारांच्या प्रवासाची गणना करणारेही मोजत नाहीत, कारण कागदोपत्री ती प्रवासच करत नाही.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर होते. तेव्हापासून शहरात सायकलचा विषय निघाला की तो व्यायाम, प्रदूषण आणि रविवार सकाळच्या फेऱ्यांकडे वळतो. त्याला हरकत नाही. मात्र हौसेच्या सायकलीला बागेभोवतीचा रस्ताही पुरतो. ज्याला सायकल परवडते आणि मोटारसायकल परवडत नाही, त्याला अशोक चौकापासून कुंभारीपर्यंत अवजड वाहनांपासून वेगळी काढलेली, रात्री दिवे असलेली कड हवी आहे. यंत्रमागाचे काही कारखाने घरकुलाजवळ गेले, तर तिचीही निकड कमी होईल. यातले काय आधी करायचे हे ठरवायला २०२७ ची वाट पाहायला नको. महापालिकेने अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि कुंभारी फाटा अशा तीन जागी पाळी बदलण्याच्या वेळी माणसे उभी करावीत आणि सायकली मोजाव्यात. मोजताना घर कुठले आणि माग कुठला, हेही विचारावे. आणि विडीच्या शाखेसमोर रांगेत उभ्या असलेल्या बायकांना विचारावे, की त्या कशाने आल्या.