बर्फाच्या खंडाकडे जाणाऱ्या दोन वाटा

धडगाव हे ज्याचे मुख्य ठाणे त्या अक्राणी महालात, सातपुड्याच्या ऐन कुशीत, बर्फ म्हणून जी वस्तू निसर्गतः दृष्टीस पडते ती एवढीच की, पौष-माघातल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे तोरणमाळच्या पठारावर किंवा शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या माळावर गवताच्या पात्यांवरचे दव गोठून बसते. सूर्य कासराभर वर आला की त्याचा मागमूस उरत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्या गोठलेल्या दवाचे छायाचित्र येऊन तो विषय तेथेच संपतो. अशा मुलखातल्या वाचकांपुढे, ज्याचा विस्तार सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर आहे आणि ज्यावरील बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, त्या अंटार्क्टिका खंडाकडील जलप्रवासाचा विषय मांडणे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. मला मात्र तो अगत्याचा वाटतो. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांच्या जाहिराती आता तालुक्याच्या ठिकाणीही हातातल्या फोनवर येऊन पोहोचतात, आणि त्यांतून हिमखंड, पेंग्विन व देवमासे यांची जी मोहक चित्रे झळकतात त्यांच्यामागची हकिकत सहसा कोणी सांगत नाही, हे त्याचे एक कारण. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण असे की, त्या खंडाकडे जाण्याच्या वाटा दोन आहेत व जाहिरात होते ती त्यांपैकी एकीचीच.

पहिली वाट तिकिटाची. इ.स. १९६६ मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या स्वीडिश-अमेरिकन गृहस्थाने अर्जेंटिनाच्या आरमाराचे जहाज भाड्याने घेऊन हौशी प्रवाशांना अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर नेले, आणि १९६९ मध्ये याच कामासाठी मुद्दाम बांधलेले ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ हे छोटेखानी जहाज पाण्यात उतरवले. तेव्हापासून ‘एक्स्पिडिशन क्रूझ’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रवासाचा प्रकार रूढ झाला. नृत्यगृहे आणि पोहण्याचे तलाव मिरवणाऱ्या अवाढव्य विलासनौकांशी त्याची गल्लत करू नये. येथे जहाज लहान असते, त्याचे कवच बर्फाच्या घासणीस टिकेल असे भक्कम केलेले असते, करमणूक करणाऱ्या मंडळींच्या जागी पक्षितज्ज्ञ, भूशास्त्रज्ञ व हिमशास्त्रज्ञ व्याख्याने देतात, आणि मुक्कामांचे वेळापत्रक छापील असले तरी त्यावर अखेरचा अंमल चालतो तो वाऱ्याचा आणि बर्फाचा.

बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून नोव्हेंबर ते मार्च या तिकडच्या उन्हाळ्यात सुटतात. बीगल खाडीचे शांत पाणी सरले की ड्रेक सामुद्रधुनी लागते. केप हॉर्न आणि दक्षिण शेटलंड बेटे यांच्यामधील सुमारे आठशे किलोमीटरचा हा पट्टा जगातील अत्यंत खवळलेल्या समुद्रांपैकी एक होय. कारण या अक्षांशांवर पृथ्वीला पूर्ण वळसा घालणाऱ्या वाऱ्याला आणि प्रवाहाला अडवण्यास भूमीचा एक तुकडाही आडवा येत नाही. दोन दिवस जहाज हेलकावे खात असते, पुष्कळ प्रवासी अंथरूण धरतात, आणि जे डेकवर उभे राहू शकतात त्यांना तीन मीटरांहून अधिक पंखविस्ताराचा भटका अल्बाट्रॉस पंख न हलवता तासन् तास जहाजामागून तरंगत येताना दिसतो. मग एके सकाळी हवा एकाएकी बोचरी होते, धुके उतरते, आणि पहिला हिमखंड समोर येतो.

त्या बर्फाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण प्रवासी जे पाहतो ते एकजिनसी नसून दोन भिन्न कुळांचे असते. समुद्राचे खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठू लागते. प्रथम पृष्ठावर तेलकट तवंगासारखी साय धरते, पुढे तिची काठ उचललेली गोल तबके बनतात, ती एकमेकांवर आदळत-चिकटत जातात आणि अखेर अखंड फरशी तयार होते. गोठताना हे पाणी आपल्यातले मीठ बाहेर टाकते. ते जड, थंड, अतिक्षार पाणी खोल बुडी मारते आणि महासागरांच्या तळाशी चालणाऱ्या संथ अभिसरणास गती देते. हा झाला समुद्रबर्फ. दरवर्षी सप्टेंबरात तो पावणेदोन-दोन कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो आणि फेब्रुवारीपर्यंत त्यातला बहुतांश वितळून जातो. हिमखंडाचे कूळ मात्र अगदी वेगळे. तो खंडावर पडलेल्या हिमाचा वंशज: हजारो वर्षे थरावर थर साचून, स्वतःच्याच भाराने दबून, हिमनदीच्या रूपाने इंचाइंचाने समुद्राकडे सरकत आलेला आणि किनाऱ्यावर कडाडून तुटलेला. म्हणून तो गोड्या पाण्याचा असतो, आणि त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली दडलेला असतो. ज्या बर्फातली हवा दाबाने जवळजवळ पिळून निघालेली असते, तो प्रकाशातला तांबडा अंश गिळतो आणि निळा तेवढा परत देतो. त्यामुळे हिमखंडाच्या भेगांतून जो गाढ निळा उजेड पाझरताना दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब नसून बर्फाचा अंगचा रंग होय. लहान होडी अशा वितळत्या तुकड्यांच्या जवळ थांबवून यंत्र बंद केले, तर पाण्यातून बारीक तडतड ऐकू येते: शतकानुशतके कोंडून राहिलेले हवेचे बुडबुडे त्या वेळी मोकळे होत असतात.

किनाऱ्यावर उतरण्याची तऱ्हाही आपल्याकडच्या लोकांस समजण्यास कठीण नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्यातून बार्जने भूषा किंवा बुडीत क्षेत्रातल्या इतर पाड्यांकडे ज्यांनी जाणेयेणे केले आहे, त्यांना पाण्याच्या पातळीबरोबर काठ कसा सरकतो, पक्का धक्का कसा नसतो आणि ज्या उतारावर नाव टेकेल त्यालाच धक्का मानून गुडघाभर पाण्यात कसे उतरावे लागते, हे अनुभवाने ठाऊक आहे. अंटार्क्टिकातही जहाज दूर नांगरून दहा-बारा माणसांच्या हवा भरलेल्या रबरी होड्यांतून प्रवाशांना नेमके असेच खडकाळ काठावर उतरवतात. फरक एवढाच की, तेथे पाय टेकण्यापूर्वी त्या पायाची झडती होते. बूट जंतुनाशकात बुडवतात, खिशांच्या शिवणी आणि मोज्यांच्या विणी यांत एखादे कुसळ वा बी अडकले आहे काय हे पाहून तेथला कचरा यंत्राने शोषून घेतात. ही खबरदारी अनाठायी नाही: किंग जॉर्ज बेटावर परक्या मुलखातले एक सामान्य गवत माणसाच्या पायांबरोबर येऊन रुजले, आणि ते उपटून काढण्यासाठी शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे झटावे लागले.

काठावर प्रथम नाकाला पेंग्विन कळतो, मग डोळ्यांना. क्रिल नावाचा, बोटाएवढ्या लांबीचा कोळंबीसदृश जीव हा तेथील अन्नव्यवहाराचा पाया. पेंग्विन, सील, देवमासे, सगळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष त्याच्यावर पोसलेले. आणि त्याच्यातल्या रंगद्रव्यामुळे पेंग्विनांच्या वसाहतीतली विष्ठा गुलाबी असते व सबंध उतार दुरूनच गुलाबी दिसतो. जेंटू जातीचे पेंग्विन खड्यांचे घरटे रचतात. नर एकच खडा चोचीत धरून डुलत डुलत येतो, मादीपुढे तो ठेवतो, मान लववतो आणि पुन्हा नव्या खड्याच्या शोधात निघतो. शेजाऱ्याचे लक्ष नाही असे दिसताच त्याच्या घरट्यातला खडा उचलण्यासही तो कचरत नाही, आणि खडा गमावलेला शेजारी परत येऊन जो आक्रोश करतो तो साऱ्या वसाहतीत ऐकू जातो. समुद्राकडे जाण्यायेण्याने बर्फात त्यांच्या खोल पायवाटा पडलेल्या असतात. माणसाने त्या वाटेवर उभे राहावयाचे नाही, आणि पक्षी येताना दिसला तर थांबून त्याला वाट द्यावयाची, असा सक्त दंडक आहे.

हे दंडक ज्या संस्थेने घालून दिले ती अंटार्क्टिका सहल-चालकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कोणासही किनाऱ्यावर उतरवू नये, एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक माणसे नसावीत, वीस प्रवाशांमागे एक मार्गदर्शक असावा, वन्यजीवापासून किमान पाच मीटर अंतर राखावे, ही त्यांतली मुख्य कलमे. त्याच वर्षी माद्रिद येथे झालेल्या करारनाम्याने अंटार्क्टिकात खनिज उत्खननास बंदी घातली, आणि २०११ पासून त्या समुद्रात जड इंधन तेल वाहून नेण्यासही मनाई आहे. आपल्या संसदेने २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक कायदा संमत केला, त्यान्वये भारतीय मोहिमांना परवान्यावाचून त्या खंडात प्रवेश नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटांच्या परिसरात आणि २०२४ च्या आरंभी खुद्द खंडावर पक्ष्यांच्या घातक फ्लूचा शिरकाव झाला, तेव्हापासून प्रवाशांनी जमिनीवर बसू नये, पिशवी टेकवू नये, असाही निर्बंध आला.

एवढे असूनही माझे मन निःशंक होत नाही. २०२३-२४ च्या एका हंगामात लाखाहून अधिक प्रवासी त्या खंडाकडे गेले, आणि नियम प्रत्येक माणसाला लागू असले तरी माणसांच्या एकूण संख्येला मर्यादा घालणारे कलम अद्याप झालेले नाही, ही या साऱ्या व्यवस्थेतली उणीव मला ठळक दिसते. ज्या जहाजाने हा प्रवास रूढ केला तेच ‘एक्स्प्लोरर’ २३ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. त्यावरील १५४ माणसे वाचली ती समुद्र त्या दिवशी तुलनेने शांत होता आणि दुसरे जहाज वेळेवर पोहोचले म्हणून. जहाज मात्र आपल्या तेलासह तळाशी गेले. उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड बेटांत नॉर्वे सरकारने जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रात दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजास बंदी केली आणि पांढऱ्या अस्वलापासून किमान तीनशे मीटर, तर वसंतात पाचशे मीटर अंतर राखणे सक्तीचे केले. एका सार्वभौम सत्तेला जे साधले ते कोणाचीच सर्वमान्य मालकी नसलेल्या दक्षिण खंडात निर्णयाधिकार असलेल्या २९ राष्ट्रांच्या सहमतीने साधावयाचे आहे, म्हणून विलंब लागतो हे खरे, परंतु विलंबाची किंमत पेंग्विनांनी मोजावी हे न्याय्य नव्हे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही; जाणाऱ्याने लहान जहाज निवडावे, संघटनेचे सदस्यत्व असलेल्या चालकाकडूनच जावे, आणि छायाचित्रासाठी पाच मीटरांचे चार मीटर करू नयेत.

या वाटेचा खर्च माणशी दहा लाख रुपयांच्या वर जातो. आमच्या डोंगराळ तालुक्यात, जेथे ज्वारी-मक्याचे पीक हाती आल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात, तेथे त्या आकड्याचा अर्थ उलगडून सांगण्याचे कारण नाही.

परंतु दुसरी वाट आहे, आणि ती आपल्याच कोकणपट्टीतून निघाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचे भाड्याचे जहाज डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी घेऊन निघाले, आणि ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीयांचे पाऊल अधिकृतपणे अंटार्क्टिकावर पडले. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहूनच निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत या औंधच्या राजघराण्यातील मुत्सद्दी आप्पासाहेब पंत यांच्या कन्या; जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची, आणि नोकरी गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. याच मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले भारतीय ठाणे उभारले. ते कालांतराने हिमाखाली गाडले गेले; परंतु १९८९ मध्ये ‘मैत्री’ आणि २०१२ मध्ये ‘भारती’ ही ठाणी सुरू झाली, आणि त्यांचा सारा कारभार गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

येथवरचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून थोडाफार येतो. येत नाही ती गोष्ट पुढेच आहे. या ठाण्यांवर केवळ शास्त्रज्ञ राहत नाहीत. बाहेर सूर्य सुमारे दोन महिने उगवत नाही आणि हिमवादळ दिवसचे दिवस घोंघावत असते, तेव्हा विजेचे जनित्र बंद पडले तर संशोधन तर राहोच, प्राण राखणे कठीण होईल. म्हणून जनित्राचा मेकॅनिक, वाहनांचा मेकॅनिक, वीजतंत्री, वेल्डर, नळजोडणी करणारा, सुतार, क्रेनचालक, स्वयंपाकी आणि वैद्यकीय सहायक ही माणसे तेथे शास्त्रज्ञाइतकीच अपरिहार्य होत. त्यांची भरती कंत्राटी स्वरूपात, जाहीर जाहिरात देऊन, हेच गोव्याचे केंद्र करते. शैक्षणिक पात्रता अनेक पदांसाठी आयटीआयच्या प्रमाणपत्राची आणि त्यापुढील कामाच्या अनुभवाची असते. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते, उत्तराखंडात औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संस्थेत त्यांना बर्फावर चालण्याचे, दोराने चढण्या-उतरण्याचे शिक्षण मिळते, आणि मग सरकारी खर्चाने, पगारासह, ते त्या खंडावर जातात. उन्हाळी तुकडी काही महिन्यांनी परतते, हिवाळी तुकडी वर्षाहून अधिक काळ राहते. दहा लाखांचे तिकीट काढलेला प्रवासी जेथे दोन-तीन तास उतरून परत फिरतो, तेथे हिवाळी तुकडीतला वेल्डर चारही ऋतू पाहतो.

उभ्या चढाच्या वाटा, मैलोगणती पायपीट, दूरच्या पाड्यावर आठवडेच्या आठवडे बाजाराविना काढणे आणि मोडलेले यंत्र हाताशी असेल त्या सामानाने चालू करणे, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशी तरुण मंडळी अक्राणी महालात पाड्यापाड्यावर आहेत, आणि त्यांतली कित्येक आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन नंदुरबार, शहादा, सुरत येथे काम शोधीत आहेत. माझी विनंती धडगावच्या शाळा-महाविद्यालयांतील आणि तंत्रशिक्षण देणाऱ्या शिक्षकांस आहे: गोव्याच्या या केंद्राची भरतीची जाहिरात त्याच्या संकेतस्थळावर निघते, ती पाहावी, उतरवून घ्यावी, मराठीत आणि शक्य तर इकडच्या पावरी बोलीत समजावून सांगावी, सूचना फलकावर लावावी, आणि अर्ज भरावयास येणाऱ्या मुलाला अनुभवाचा दाखला कोठून व कसा मिळवावयाचा हेही त्याच वेळी सांगावे.