डोमेन नेमचे मूल्यांकन: बेरीज कागदावर, किंमत बाजारात

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेतील मार्चेक्स या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये एक विलक्षण खरेदी जाहीर केली. युन ये या एकाच व्यक्तीने जमवलेली एक लाखाहून अधिक डोमेन नेम, म्हणजे इंटरनेटवरील पत्ते, विकत घेण्याचा हा करार सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलरचा होता. पुढे साडेदहा वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, याच मार्चेक्सने आपल्याकडील दोन लाखांहून अधिक नावे गोडॅडी या कंपनीला विकली. या वेळी मिळालेली रक्कम होती अवघी २ कोटी ८१ लाख डॉलर. दोन्ही याद्या तंतोतंत एकच नव्हत्या आणि मधल्या काळात काही नावे सुटी विकली गेली होती, हे मान्य केले तरी या दोन आकड्यांमधील दरी डोळ्यांत भरणारी आहे.

ही दरी का पडली, याचे उत्तर मूल्यांकनाच्या पद्धतीत दडलेले आहे. २००४ च्या सुमारास अनेक जण हवा तो शब्द थेट पत्त्याच्या चौकटीत टाइप करून त्यापुढे ‘डॉट कॉम’ जोडत असत. अशा पाहुण्यांना त्या रिकाम्या पानावर जाहिराती दिसत आणि त्यांवरील प्रत्येक क्लिकमागे नावाच्या मालकाला पैसे मिळत. त्यामुळे नावाची किंमत काढणे भाड्याच्या घराइतके सोपे होते: वर्षाचे उत्पन्न पाहायचे आणि त्याला काही वर्षांनी गुणायचे. लोक सर्चवर विसंबू लागले, २००८ मध्ये आलेल्या गूगल क्रोममध्ये तर पत्त्याची आणि शोधाची चौकट एकच झाली, आणि थेट येणारा पाहुणा दुर्मिळ होत गेला. भाडे आटले, तसा त्यावर बेतलेला भावही उतरला.

डोमेन नावांचा असा साठा, ज्याला या व्यवसायात ‘पोर्टफोलिओ’ म्हणतात, आता केवळ परदेशी धनिकांकडेच असतो असे नाही. ‘डॉट इन’ची नोंदणी २००५ मध्ये सर्वांना खुली झाल्यापासून मुंबई-पुण्यातही पन्नास, शंभर, पाचशे नावे बाळगणारी मंडळी आढळतात. भागीदारी मोडताना, कंपनी विकताना, वारसांमध्ये वाटणी करताना किंवा कर्जवसुलीच्या प्रसंगी ‘या सगळ्याची किंमत किती?’ हा प्रश्न अचानक उभा राहतो. आणि येथेच बहुतेकांची पहिली चूक होते. ते किंमत विचारतात. कोणती किंमत, हे विचारत नाहीत.

कोणती किंमत?

एकाच नावाला निदान तीन भाव असतात. ज्या व्यावसायिकाला ते नाव स्वतःच्या धंद्यासाठी हवे आहे तो देईल तो किरकोळ भाव. नावांचाच व्यापार करणारा दुसरा व्यापारी देईल तो घाऊक भाव. तो पहिल्याच्या तुलनेत फारच कमी असतो, कारण व्यापाऱ्याला ते नाव कित्येक वर्षे सांभाळावे लागणार असते. आणि ठरावीक दिवसांत विकायचेच आहे, अशा अडचणीच्या वेळचा तिसरा भाव. मूल्यांकनाच्या अहवालात यांपैकी कोणता भाव गृहीत धरला आहे आणि कोणत्या तारखेचा, हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर पुढील आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

किरकोळ भाव तर नावापेक्षा ग्राहकाच्या गरजेवर अवलंबून असतो. सुट्टीसाठी घरे भाड्याने देणाऱ्या होमअवे या अमेरिकन कंपनीने २००७ मध्ये ‘व्हेकेशनरेंटल्स डॉट कॉम’ हे नाव साडेतीन कोटी डॉलरना घेतले. ते एक्स्पीडिया या प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नये, हेच त्यामागचे कारण असल्याचे कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितले. अशी भीती कोणत्याही गणिती सूत्रात बसवता येत नाही. ‘टॉइज डॉट कॉम’चे उदाहरण आणखी बोलके आहे. २००९ मध्ये एका दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेत हे नाव निघाले, तेव्हा त्याला प्रथम साडेबारा लाख डॉलरची बोली आली. लिलाव पुन्हा उघडला आणि टॉइज ‘आर’ अस ही खेळण्यांची बडी कंपनी रिंगणात उतरल्यावर तेच नाव ५१ लाख डॉलरना गेले. नाव तेच होते. समोर बसलेला ग्राहक बदलला होता.

उलट दिशेची फसगतही होते. ‘बिझनेस डॉट कॉम’ २००७ मध्ये ३४ कोटी ५० लाख डॉलरच्या आसपास विकले गेल्याचा दाखला नावांचे व्यापारी हमखास देतात. परंतु त्या वेळी विकला गेला तो त्या नावावर उभा राहिलेला चालता व्यवसाय. १९९९ मध्ये निव्वळ नावाला ७५ लाख डॉलर आले होते. तोही आकडा मोठाच आहे, पण तुलनेसाठी घ्यायचा झाल्यास तोच घ्यायला हवा.

यंत्राचा अंदाज आणि माणसाचा

नाव टाइप करताच क्षणात किंमत सांगणाऱ्या स्वयंचलित सेवा आज अनेक आहेत. एस्टीबॉट हे त्यातील जुने नाव. गोडॅडीचीही अशी सेवा आहे. पूर्वी विकल्या गेलेल्या तत्सम नावांचे भाव, अक्षरांची संख्या, शब्दकोशातील शब्द आहे की नाही, तो किती वेळा शोधला जातो, त्यावरील जाहिरातीचा दर काय, अशा गोष्टींवरून संगणक अंदाज बांधतो. हजार नावांची ढोबळ चाळणी करायला हे साधन उत्तम. मात्र ते ‘मूल्यांकन’ म्हणून वकिलाच्या किंवा भागीदाराच्या पुढ्यात ठेवणे धाडसाचे ठरेल.

मराठी शब्दांच्या बाबतीत तर यंत्र हमखास अडखळते. ‘पैठणी’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला की संगणकाला तो सात-आठ अक्षरांचा निरर्थक पुंजका वाटू शकतो; येवल्यातील किंवा दादरमधील साडी व्यापाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ‘मन’ रोमनमध्ये लिहिले, की यंत्र त्याचा अर्थ ‘पुरुष’ असा लावून भलताच भाव सांगेल. शिवाय आपल्या शब्दांची रोमन स्पेलिंगे दोन-तीन प्रकारांनी होतात आणि लोक कोणते वापरतात हे जाणण्यासाठी भाषा जाणणारा माणूसच लागतो. देवनागरीतील ‘डॉट भारत’ नावे २०१४ मध्ये सुरू झाली. त्यांच्या पुनर्विक्रीचे जाहीर व्यवहार इतके विरळ आहेत की तुलनेचा आधारच मिळत नाही. अशा नावांपुढे मोठा आकडा लिहिणाऱ्या अहवालाकडे साशंकतेने पाहावे.

जाणकार मूल्यांकनतज्ज्ञ नावाच्या शेपटाकडेही लक्ष देतो. युगोस्लाव्हिया हा देश इतिहासजमा झाल्यानंतर त्याचे ‘डॉट वाययू’ हे शेपूट २०१० मध्ये बंद झाले आणि त्यावरील सर्व पत्ते गेले. नवउद्योगांचे लाडके ‘डॉट आयओ’ हे हिंदी महासागरातील ब्रिटिश प्रदेशाचे शेपूट. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनने चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याचे जाहीर केल्यावर त्याच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली. ही जोखीम भावात धरलेली असावी लागते.

साठ्याचे गणित

सुट्या नावांच्या किमती ठरल्या म्हणजे साठ्याची किंमत ठरली, असा समज सर्रास आढळतो. तो किती महाग पडतो हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू.

समजा, एका गृहस्थांकडे पाचशे ‘डॉट कॉम’ नावे आहेत आणि सरासरी किंमत प्रत्येकी ८० हजार रुपये आली. बेरीज झाली चार कोटी. ऐकायला सुखद वाटते. परंतु वर्षाला शंभरात एक-दोन नावे विकली जाणे, हेच या धंद्यात सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. पाचशेपैकी वर्षात सात नावे विकली गेली, तर हाती आले ५ लाख ६० हजार. मध्यस्थाची १५ टक्के दलाली वजा जाता उरले ४ लाख ७६ हजार. आता खर्च. ‘डॉट कॉम’ नावांची मुख्य नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने आपला वार्षिक घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.५९ डॉलरवरून १०.२६ डॉलरवर नेला. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि कर चढतो. नूतनीकरणाला नावामागे १,२०० रुपये धरले, तर पाचशे नावांचे सहा लाख. म्हणजे कागदावर चार कोटींचा हा साठा दरवर्षी सव्वा लाखाचा तोटा देतो.

आता याच यादीतील साडेतीनशे कमकुवत नावे सोडून दिली आणि उरलेल्या दीडशेतून वर्षाला पाच नावे विकली गेली असे धरू. दलाली वजा जाता मिळाले ३ लाख ४० हजार. नूतनीकरणाचा खर्च १ लाख ८० हजार. हाती शिल्लक १ लाख ६० हजार. नावे कमी झाली आणि साठा फायद्यात आला. म्हणूनच पोर्टफोलिओच्या व्यावसायिक मूल्यांकनात सर्वांत मोलाचे पान बहुधा ‘यांचे नूतनीकरण करू नये’ अशा नावांचे असते. स्वतः हौसेने निवडलेली नावे सोडवत नाहीत. परका माणूस ती निर्विकारपणे खोडू शकतो. अहवालात असे पान नसेल, तर ते मागून घ्यावे.

सोडून द्यायच्या यादीत अग्रक्रम असतो तो दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी साधर्म्य असलेल्या नावांना. यंत्र अशा नावांना भरघोस भाव लावते, कारण त्यांचा शोध खूप होतो. कायद्याच्या नजरेतून मात्र ती मालमत्ता नसून देणे असते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच ‘रेडिफ’शी मिळतेजुळते ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे नाव वापरण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात, डोमेन नेमला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा दिला. अमेरिकेच्या १९९९ च्या कायद्यानुसार दुष्ट हेतूने घेतलेल्या अशा एकेका नावासाठी एक लाख डॉलरपर्यंत भरपाई बसू शकते.

खोटा ग्राहक, खरे शुल्क

मूल्यांकनाच्या नावाखाली चालणारा एक जुना डाव अजून थांबलेला नाही. नावाच्या मालकाला अनोळखी ग्राहकाचा ईमेल येतो. भाव मनाजोगता असतो. दोन-तीन पत्रे झाल्यावर ग्राहक म्हणतो, ‘माझ्या गुंतवणूकदाराला मूल्यांकनाचे प्रमाणपत्र लागेल, ते तेवढे काढून घ्या.’ कोणाकडून काढावे हेही तोच सुचवतो. शुल्क किरकोळ असते, म्हणून माणूस भरून टाकतो. प्रमाणपत्र येते आणि ग्राहक अंतर्धान पावतो. दोन्ही टोकांना एकच इसम असतो. खऱ्या ग्राहकाला विक्रेत्याने आणलेल्या प्रमाणपत्राचा काहीच उपयोग नसतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मूल्यांकनाचे शुल्क ठरलेल्या रकमेत असावे. ते निघालेल्या किमतीच्या टक्क्यांत मागितले जात असेल, किंवा मूल्यांकन करणाराच नावे विकत घेण्याची तयारी दाखवत असेल, तर तिथून उठावे. डोमेन नावांच्या मूल्यांकनासाठी वेगळा सरकारी परवाना भारतात नाही. मात्र कंपनी कायद्याखाली मूल्यांकन लागत असेल, तर त्या कायद्याच्या कलम २४७ प्रमाणे नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचाच अहवाल चालतो. अशा वेळी डोमेन व्यापारातील जाणकाराचे मत त्याला जोडून द्यावे.

तज्ज्ञाकडे जाताना केवळ नावांची यादी नेऊन भागत नाही. प्रत्येक नावाची नोंदणीची व मुदत संपण्याची तारीख, रजिस्ट्रार, वार्षिक खर्च, खरेदीची किंमत, आलेले लेखी प्रस्ताव, पाहुण्यांची संख्या आणि एखादी कायदेशीर नोटीस आली असल्यास तीही सोबत असावी. लपवलेली नोटीस व्यवहाराच्या ऐन वेळी बाहेर येतेच.

आणि एक तपासणी घरीच करून जावी. आपल्याकडे दुकानदाराचे किंवा लहान कारखानदाराचे नाव बहुधा वेबसाइट बनवणारा मुलगाच नोंदवतो आणि घाईत स्वतःचा ईमेल व स्वतःचे खाते वापरतो. पैसे मालकाने भरलेले असतात, नोंद मात्र दुसऱ्याच्या नावावर राहते. २०१८ पासून युरोपातील गोपनीयतेच्या नियमांमुळे नोंदणीदाराचे तपशील सार्वजनिक नोंदीत बहुधा झाकलेले असतात, त्यामुळे बाहेरून पाहून मालकी ठरवता येत नाही. अशा नावापुढे सचोटीचा तज्ज्ञ आकडा लिहीत नाही. ‘मालकीचा पुरावा आणावा’ एवढा शेरा मारून तो पुढच्या ओळीकडे वळतो.