तारेचा वेग आणि मालाचा वेग

कापडाच्या पेठेत आम्ही गाठ दुकानाच्या दारात कधी उतरली ते पाहतो. रस्त्यात ट्रक किती जोराने पळाला याला कोणी किंमत देत नाही. संगणकाच्या व्यवहारातही हाच हिशोब लावायचा असतो, हे मला मागच्या वर्षी पैसे मोजून कळले. साड्यांच्या डिझाइनच्या फायलींसाठी आम्ही दोन सर्व्हर घेतले. विकणाऱ्याने दोघांच्या दरमियान इन्फिनीबँडची जोडणी दिली. कार्डे डेटा सेंटरमधून उतरलेली, पण 40 गिगाबिटची. फायली मात्र त्याच्या चौथाई वेगानेही सरकेनात.

माझा भाचा याच कामात आहे. त्याने प्रथम वटाव कापून दाखवला. या पिढीच्या कार्डांत तारेवरच्या दर 10 बिटांत मालाचे 8 च असतात, म्हणजे 40 चे 32 झाले. बाकीचे कुठे गेले?

इंटरनेटवरचा सगळा मजकूर लहान पुड्यांत जातो आणि प्रत्येक पुड्यावर आयपीची बिल्टी असते. तिचा आजही चालणारा नमुना 1981 चा. इन्फिनीबँड 2000 साली आले ते मोठ्या यंत्रांना आपसांत जोडण्यासाठी, आणि त्याला ही बिल्टी वाचता येत नाही. तेव्हा 2006 मध्ये आयईटीएफ या संस्थेने दोघांचा मेळ घालणारे नियम प्रसिद्ध केले. पुडा जसाच्या तसा ठेवून वर 4 बाइटची चिठ्ठी लावायची आणि इन्फिनीबँडच्या गाठीत घालायचा. इथरनेटचा पत्ता 6 बाइटचा, इथला 20 बाइटचा. तो जाळ्यात पुकारा करून विचारायचा, आणि रस्ता सबनेट मॅनेजर नावाच्या मुकादमाकडून घ्यायचा. जाळ्यात मुकादमच नसेल तर तार जोडलेली असूनही काही हलत नाही.

या सोयीमुळे जुने प्रोग्राम न बदलता चालतात, हा मोठा फायदा. पण प्रत्येक पुडा ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातून जातो. ती तो उघडते, तपासते, नक्कल करून पुढे देते. पुडा साधारण 2044 बाइटचा असेल तर ही हमाली किती वेळा होते पाहा. आमच्यासारख्या जुन्या कार्डांवर ‘कनेक्टेड’ पद्धत लावली की तोच पुडा 65520 बाइटपर्यंत वाढतो आणि फेऱ्या घटतात.

इन्फिनीबँडची खरी कमाई मात्र आरडीएमएमध्ये आहे. त्यात एका यंत्राच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत माल थेट उतरतो, मध्ये हमालच नाही. अट एवढीच की प्रोग्रामला ती भाषा आली पाहिजे. फायली वाटणाऱ्या एनएफएसला ती येते. आमच्या बिलाच्या सॉफ्टवेअरला येत नाही, आणि त्याला गरजही नाही.

विकणाऱ्याने आरडीएमए चालू करून देण्याचे निराळे पैसे सांगितले. भाच्याने एका रविवारी बसून ते काम केले, दोन वेळच्या चहावर.